पाणी कुठून आलं ते सोड, आधी झिंक कुठून आलं ते विचार

अरे बेटा,

मेसेज वाचला, वावरात सापडलेल्या दगडाचा फोटो पण पाहिला. दगडाचं आधी उरकून टाकतो. वावरात काळा जड दगड सापडला अन त्याला लोहचुंबक चिकटलं म्हणजे उल्का, असं आपल्याकडे धरून चालत नाही बाप्पा, आपला पश्चिम विदर्भ सगळा बेसॉल्टवर बसलाय अन बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच, धुऱ्यावरचे कितीतरी दगड चुंबकाला ओढतात. तुझ्या दगडात बुडबुड्यांची भोकं दिसतात, उल्केत ती सहसा नसतात. 2022 च्या एप्रिलमध्ये सिंदेवाहीकडे आकाशातून धातूची मोठी रिंग पडली तेव्हा पण लोकांनी उल्का उल्का केलं होतं, निघाला रॉकेटचा तुकडा.

आता खरा प्रश्न. पृथ्वीवर पाणी कुठून आलं याचं उत्तर बातम्यांत सारखं बदलतं म्हणून तू वैतागलास, कधी धूमकेतू, कधी लघुग्रह, कधी म्हणतात आधीपासूनच होतं. माझं म्हणणं एवढंच, तू प्रश्न ठोकात विचारतोयस, चिल्लरमध्ये विचार. हायड्रोजनचं (पाण्यातला मुख्य घटक) वेगळं, झिंकचं म्हणजे जस्ताचं वेगळं, झेनॉनचं (हवेतला अगदी दुर्मिळ वायू) वेगळं. 67पी नावाचा धूमकेतू घे, 2014 मध्ये रोझेटा यानाने त्याच्या पाण्यातलं ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन मोजलं तर ते आपल्या समुद्राच्या तिपटीहून जास्त निघालं, म्हणजे समुद्र अशा धूमकेतूंनी भरला नाही. पण त्याच धूमकेतूचा झेनॉन मोजला तर 2017 मध्ये हिशोब आला की हवेतला साधारण 22 टक्के झेनॉन धूमकेतूंकडून आला असावा. धूमकेतू तोच, पाण्याला नाही म्हणतो अन झेनॉनला हो. काहून? कारण आपल्याकडे पाणी आधीच भरपूर होतं अन झेनॉन अगदी जरासा, जरासं काही येऊन पडलं तरी झेनॉनमध्ये दिसतं, पाण्यात दिसत नाही. हे डोक्यात बसलं की निम्मी भांडणं मिटतात.

झिंक अन पोटॅश तर तुला माहीतच आहे, कृषी केंद्रातून तूच पोती आणतोस. झिंक अन पोटॅशमधलं पोटॅशियम, दोन्ही तशी पाण्यासारखीच उष्णतेत उडून जाणारी, म्हणून सूर्याजवळ बनलेल्या दगडांत कमी उरली. आता अडचण अशी की पदार्थ तापून उडाला की हलका आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू असतात, त्यातला हलका) आधी जातो अन प्रमाण बिघडतं, मग त्यावरून तो कुठून आला, त्याचं गाव कसं ओळखायचं? इथेच गंमत आहे. सूर्यमाला ज्या धुळीतून बनली ती वेगवेगळ्या ताऱ्यांतून आलेली होती अन सगळीकडे सारखी मिसळली नव्हती, त्यामुळे आयसोटोपांत एक दुसरा, फार बारीक फरक राहिला, दहा लाखात काही डझन भाग एवढा, अन तो तापवण्याने पुसला जात नाही. बैल वाळला काय अन धष्टपुष्ट झाला काय, कानातला बिल्ला तोच राहतो, तसं. या बिल्ल्यावरून उल्कांचे दोन गट पडतात, एक सूर्याच्या जवळचा, एक लांबचा कार्बनवाला, अन मध्ये बहुतेक गुरू आडवा आला म्हणून ते मिसळले नाहीत असं बरेच जण मानतात.

मग पृथ्वीच्या झिंकचा बिल्ला पाहिला. 2022 मध्ये हिशोब आला की साधारण 30 टक्के झिंक लांबच्या गटातलं, 2023 मध्ये दुसऱ्या टीमने म्हटलं जवळपास निम्मं, अन तेही अशा मालातून जो पृथ्वीच्या वजनात जेमतेम 10 टक्के. त्याच वर्षी पोटॅशियमवाल्यांनी दाखवलं की ते बहुतेक जवळच्या गटातलंच आहे. अन 2020 मध्ये एन्स्टटाइट कॉन्ड्राइट नावाच्या सूर्याजवळच्या गटातल्या उल्का, ज्यांना सगळे कोरडे ठणठणीत समजत होते, त्यांच्यात एवढा हायड्रोजन सापडला की तशाच मालातून पृथ्वी बनली असेल तर निदान तीन महासागर भरतील. म्हणजे बरंच पाणी घरचंच असू शकतं अन झिंक बऱ्यापैकी बाहेरचं. मला यात विरोध दिसत नाही, तुलाही दिसू नये.

अन आपल्या लोणारचं तुला कोणी सांगितलं नसेल. पोट्टे सहलीला जातात, दैत्यसुदनाचं देऊळ पाहतात, 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं त्याचे फोटो दाखवतात, पण पडलं काय होतं हे विचारत नाहीत. 2019 मध्ये लोणारच्या आघातात वितळलेल्या खडकांतलं क्रोमियम तपासलं, हेच बिल्ल्याचं तंत्र, तर काही नमुन्यांत 3 टक्क्यांपर्यंत बाहेरचा माल निघाला अन तो बहुधा कार्बनवाल्या गटातला, कदाचित सीएम जातीचा (कार्बनवाल्या उल्कांचीच एक जात). म्हणजे लांबच्या गटातलाच पाहुणा, बुलढाणा जिल्ह्यात येऊन आदळलेला. त्याच जातीचा दगड 6 जून 2017 ला राजस्थानात मुकुंदपुऱ्याच्या शेतात पडला, अन 2021 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधे विंचकोमला एका घराच्या अंगणात. विंचकोमवाला पाऊस लागायच्या आत उचलला, म्हणून त्यातलं पाणी भरवशाचं, वजनात साधारण 11 टक्के, अन त्याचा हायड्रोजन आपल्या पाण्याशी मिळताजुळता. लोणारला जाशील तर दगड मात्र उचलू नको, अभयारण्य आहे ते.

कधी खरंच ताजी उल्का पडलेली दिसली तर हात लावू नको, धुऊ तर अजिबात नको, स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमधे उचल. अन जस्ताच्या बादलीत टाकशील तर झिंकचा हिशोब तिथेच संपला! मग नागपूरला जीएसआयचं, म्हणजे सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस आहे, त्यांना कळव.

अभ्यासाचं म्हणशील तर बीएस्सीला केमिस्ट्री सोडू नको, भूगर्भशास्त्र असेल तर उत्तमच, पुढे जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) दे, अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन प्रयोगशाळेत उल्कांवर चांगलं काम चालतं. पण त्याआधी स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, तुम्ही लोक ते गाइडमधून पाठ करून सोडून देता. इथे सगळा खेळ दहा लाखातल्या काही भागांचा आहे, एरर किती हे न पाहता आकडा वाचणं म्हणजे वाचलंच नाही.

आता एक काम देतो. झिंकचं 30 टक्के अन निम्मं, या दोन आकड्यांमधला फरक कशाने येतो ते शोध, कोणी कोणत्या उल्कांची सरासरी धरली ते बघ, इंग्रजी जड जाईल तरी आधी ग्राफ वाच. पेरणीच्या आधी फोन कर, एकदा पऱ्हाटीत शिरलास की तू काही हाती लागत नाहीस.