वाचकांचे प्रश्न : टोरी एमॉसचा ‘लिटल अर्थक्वेक्स’

गेल्या अंकात या सदरातून अमेरिकी गायिका, गीतकार आणि पियानोवादक टोरी एमॉस हिच्या ‘लिटल अर्थक्वेक्स’ या १९९२ सालच्या अल्बमची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांमधून निवडलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : हा टोरी एमॉसचा पहिला अल्बम असल्याचे आपण लिहिले होते. मात्र १९८८ मध्येही तिचा एक अल्बम आला होता, असे माझ्या वाचनात आले. मग पदार्पण नेमके कोणते मानायचे?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे. १९८८ मध्ये ‘वाय कांट टोरी रीड’ या बँडचा त्याच नावाचा अल्बम अटलांटिक कंपनीने काढला आणि त्याची गायिका टोरीच होती. त्या काळी चलती असलेल्या सिंथेसायझर-पॉपच्या साच्यात तो बसवलेला होता. पियानो मागे ढकलला गेला होता. अल्बम सपशेल आपटला आणि बँडही मोडला. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गाण्यांसह आणि पियानो मध्यभागी ठेवून तिने केलेला पहिला अल्बम मात्र ‘लिटल अर्थक्वेक्स’ हाच होय. तो जानेवारी १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेत प्रसिद्ध झाला. म्हणून त्यालाच पदार्पण म्हणण्याचा प्रघात आहे आणि मलाही तो योग्य वाटतो.

प्रश्न : गाणी ऐकताना अनेकदा गळा दाटून आला, पण एक शंकाही मनात राहिली. आयुष्यात सोसलेले पियानोवर बसून सांगितले की अल्बम भावपूर्ण होणारच. त्यात कलावंताचे कसब ते कोणते?

उत्तर : ही शंका अनेकांच्या मनात येते आणि स्वतःविषयी लिहिणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला ती जरा जास्तच येते. सोसलेले सगळ्यांपाशी असते. ते ऐकणाऱ्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचवणारी गाणी मात्र फार थोड्यांना जमतात. टोरीच्या बाबतीत त्यामागे मोठी तयारी आहे. वयाच्या पाचव्या वर्षी तिला बाल्टिमोरच्या पीबॉडी या नामांकित संगीतसंस्थेत प्रवेश मिळाला आणि अकराव्या वर्षी तिथले शिक्षण संपुष्टात आले. पुढे किशोरवयातच ती वॉशिंग्टनमधल्या बारमध्ये पियानो वाजवू लागली, तीही मेथडिस्ट धर्मोपदेशक असलेल्या वडिलांच्या देखरेखीखाली. गप्पांच्या गलक्यात बसलेल्या श्रोत्याचे लक्ष कसे वेधून घ्यायचे आणि कसे धरून ठेवायचे, याची तालीम तिला अशी वर्षानुवर्षे मिळाली.

आता पियानोचा विचार करू. पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आपटते आणि सूर उमटताक्षणीच विरू लागतो. तो सूर फुगवता येत नाही, त्याला मींड देता येत नाही. गाणाऱ्या गळ्याला हे दोन्ही शक्य असते. टोरी या फरकाचा पुरेपूर उपयोग करून घेते. ती गाते तेव्हा पियानो नुसते स्वर धरून साथ करत बसत नाही. गळा जे बोलायचे टाळतो ते तो बोलतो, आणि कित्येकदा गळ्याला अडवतोही. ‘सायलेंट ऑल दीज इयर्स’ या गाण्याची सुरुवात नीट ऐकावी. उजव्या हाताची एक छोटीशी स्वराकृती त्याच त्या स्वरांभोवती घुटमळत राहते, पुढे सरकायला जणू धजत नाही. वर्षानुवर्षे गप्प राहिलेल्या व्यक्तीचे हे गाणे आहे, हे पहिला शब्द यायच्या आधीच आपल्याला कळलेले असते. हे योगायोगाने घडत नाही, ते रचावे लागते.

दुसरे उदाहरण ‘प्रेशस थिंग्ज’चे. पियानोची धावती, ठोकत जाणारी आकृती आणि तिच्यासोबत तालात घेतलेले श्वास. येथे श्वास हेच तालवाद्य झाले आहे. या गाण्यात एक मुलगा तिला सांगतो की तू दिसायला कुरूप आहेस, पण तुझे वाजवणे मला आवडते. त्यावर ती आतून मरते आणि तरीही त्याचे आभार मानते. अपमान गिळून आभार मानण्याची ही सवय किती मुलींना लावली जाते, हे त्या एका ओळीत आले आहे. वर हे सारे त्याच पियानोवर सांगितले जाते, ज्याची त्या मुलाने तारीफ केली होती! मला हा संपूर्ण अल्बममधला सर्वांत धारदार क्षण वाटतो.

आणखी एक गोष्ट या संदर्भात सांगायला हवी. टोरीने सादर केलेला या अल्बमचा पहिला मसुदा अटलांटिक कंपनीला पसंत पडला नव्हता, आणि पियानो काढून त्या जागी गिटार घालावी अशी सूचना कंपनीकडून आली होती, असे तिने नंतर मुलाखतींमधून सांगितले आहे. ती सूचना तिने मानली नाही. तिने एरिक रॉस या सहकाऱ्याबरोबर आणखी गाणी ध्वनिमुद्रित केली, पुढे कंपनीने तिला लंडनला पाठवले आणि तिथेच तिच्या गाण्यांना पहिले श्रोते लाभले. ब्रिटनच्या खपाच्या यादीत अल्बम चौदाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत मात्र चोपन्नाव्या. पियानोच्या जागी गिटार आली असती तर ‘सायलेंट ऑल दीज इयर्स’मधला तो घुटमळणारा हात आपल्याला कधीच ऐकायला मिळाला नसता.

प्रश्न : ‘मी अँड अ गन’ हे गाणे मी पूर्ण ऐकू शकले नाही. ते वगळून उरलेला अल्बम ऐकला तर चालेल का?

उत्तर : अवश्य चालेल, आणि त्यात अपराधी वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. हे गाणे टोरीवर झालेल्या लैंगिक अत्याचारातून आले आहे. ज्यांच्या मनात अशी जखम आहे त्यांनी ते केव्हा ऐकावे, किंवा ऐकावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे त्यांचाच आहे. 

ते कसे रचले आहे हे मात्र सांगतो, म्हणजे न ऐकताही त्याचे स्थान ध्यानात येईल. अल्बमच्या बारा गाण्यांत ते अकरावे आहे. तोवर पियानो सतत आपल्या सोबतीला असतो. या गाण्यात तो नाही, कोणतेच वाद्य नाही, केवळ आवाज आहे. आवाजही चढत नाही. प्रसंगाचे भडक वर्णन करण्याऐवजी त्या क्षणी मन कुठे कुठे भटकते ते ती सांगते. आपण बार्बाडोस अजून पाहिलेले नाही, तेव्हा यातून जिवंत बाहेर पडलेच पाहिजे, असा विचार त्या स्त्रीच्या मनात येतो. भयाच्या टोकाला मन अशाच एखाद्या साध्या गोष्टीला धरून ठेवते, हे ज्याला कळले आहे त्यालाच असे लिहिता येते. घटना घडून काही वर्षे लोटल्यावर, लंडनमध्ये ‘थेल्मा अँड लुईझ’ हा चित्रपट पाहिल्यानंतर तिने हे गाणे लिहिले. १९९४ मध्ये अमेरिकेत लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी देशव्यापी मदत-दूरध्वनी चालवणारी ‘रेन’ ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिची पहिली राष्ट्रीय प्रवक्ती टोरी होती. मैफलीनंतर भेटून किंवा पत्रे लिहून आपली हकिगत सांगणाऱ्या श्रोत्यांचा ओघ या गाण्यानेच तिच्याकडे वळवला होता.

प्रश्न : इंग्रजी शब्द भरभर निसटून जातात. गाणी समजण्यासाठी आधी शब्द वाचावेत का?

उत्तर : माझे मत असे की पहिल्यांदा वाचू नयेत. टोरीचे शब्द वाचूनही पटकन उलगडत नाहीत. तिच्या प्रतिमा तुटक आहेत आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही त्यांपाशी अडखळतात. ‘विंटर’पासून सुरुवात करावी. बर्फात बाहेर पडताना वडिलांच्या हातमोज्यात हात घालणारी लहान मुलगी, स्वतःवर प्रेम करायला केव्हा शिकशील असे विचारणारे वडील, आणि गाणे संपता संपता पिकलेले केस, एवढा धागा हाती असला तरी पुरे. पियानो एकट्याने सुरुवात करतो, मागाहून व्हायोलिनचा ताफा येतो, आणि वय वाढत गेल्याचे त्या भरत जाणाऱ्या आवाजातून कळते. त्यानंतर ‘मदर’ ऐकावे. सुमारे सात मिनिटांच्या त्या गाण्यात पियानो आणि गळा यांखेरीज काहीच नाही. शब्द त्यानंतर वाचावेत.

प्रश्न : याच वळणाचे आणखी काही पहिले अल्बम सुचवाल का?

उत्तर : टोरीच्या आधीचा म्हणून केट बुशचा ‘द किक इन्साइड’ (१९७८) ऐकायलाच हवा. तो आला तेव्हा ती १९ वर्षांची होती आणि त्यातले एक गाणे तर तिने तेराव्या वर्षी लिहिले होते. नंतरच्यांपैकी फियोना ॲपलचा ‘टायडल’ (१९९६) आणि अलिशिया कीजचा ‘साँग्ज इन ए मायनर’ (२००१) हे दोन. कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ (१९७१) अनेक जण या यादीत घालतात. अल्बम थोरच आहे, पण तिचा पहिला नव्हे, तो ‘रायटर’ (१९७०). या सगळ्यांत आधी कोणता घ्यावा असे विचाराल तर मी ‘टायडल’ सांगेन. तिथे आवाज खालच्या पट्टीतला, जाडसर आहे आणि पियानो आघातांनी वाजतो. टोरीच्या शेजारी ठेवून ऐकला तर एकाच वाद्यावर दोन तरुण स्त्रिया राग किती वेगळ्या तऱ्हेने मांडतात ते लगेच ध्यानात येते.