६६ आणि ६७ मधला एक गुण सहा लाखांचा नाही

प्रश्न : मी २५ वर्षांची, मूळची सांगलीची, सध्या पुण्यात पीजीमध्ये राहते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग झाल्यावर चार महिने बिनपगारी इंटर्नशिप केली, मग एका छोट्या कंपनीत सात महिने टेस्टर होते. ती नोकरी सुटली, तीन महिने घरी बसले. आता दुसऱ्या कंपनीत त्याच कामावर १३ महिने झाले. हातात ३८,००० येतात, महिन्याला १२,००० वाचवते, १ लाख ९० हजार साठलेत. मला कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हवी आहे. इथल्या एका एजंटने हिशेब करून सांगितलं की ६७ गुण लागतात आणि माझे ६६ होतात, कारण अनुभव कमी आहे. सहा लाख दिले तर तो तिकडच्या कंपनीचं नोकरीपत्र आणून १० गुण वाढवून देणार. नाहीतर घर तारण ठेवून २२ लाखांचं कर्ज काढा आणि तिकडे एक वर्षाचा कॉलेज कोर्स करा, असं तो म्हणतो. महिनाअखेर ७५,००० टोकन मागितलं आहे. बाबा एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून निवृत्त झाले. त्यांचे १२ लाख दीड वर्षापूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत, ते मोडायला तयार आहेत. भाऊ बारावीत आहे. मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो, तो राहायला जागा देईल. अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं. काय करू?

उत्तर : आधी टोकनचं. देऊ नका. बाबांनाही आज रात्रीच फोन करून सांगा की योजना मोडायची नाही. आता कारणं सांगते.

एजंटने सांगितलेला ६६ चा आकडा खोटा नाही, आणि म्हणूनच तो तुम्हाला पटला. फेडरल स्किल्ड वर्कर या, कुशल कामाच्या अनुभवावर पीआर मागायच्या मार्गात १०० पैकी ६७ गुण लागतात. वयाचे तुम्हाला पूर्ण १२ मिळतात, पदवीचे २१. इंग्रजी चारही भागांत सीएलबी ९ ला (सीएलबी ही कॅनडाची इंग्रजी मोजायची पट्टी) पोचलं तर २४, आणि एक वर्षाच्या अनुभवाचे ९. बेरीज ६६. एकट्या, पदवीधर, वर्षभर नोकरी केलेल्या कितीतरी मुलामुलींची गाडी बरोबर याच आकड्यावर अडते.

पण त्याने तुम्हाला पुढची ओळ वाचून दाखवली नाही. दोन वर्षांच्या अनुभवाला ९ नव्हे, ११ गुण आहेत. सलग एक वर्ष पगारी, आठवड्याला किमान ३० तास, एकाच प्रकारच्या कुशल कामाचा अनुभव ही पात्रतेची अट आहे आणि ती तुमच्या सध्याच्या १३ महिन्यांनी पूर्ण होते. गुण मोजताना मात्र गेल्या दहा वर्षांतला सगळा पगारी कुशल अनुभव धरतात, मध्ये खंड असला तरी. म्हणजे आधीचे सात महिने वाया गेलेले नाहीत. सात आणि तेरा, वीस महिने झाले. आहात त्या खुर्चीवर आणखी चार महिने काम केलंत की दोन वर्षं पूर्ण, आणि गुण ६८. जो गुण तो सहा लाखांना विकतो आहे, तो तुम्हाला कंपनी पगार देऊन देणार आहे. (इंटर्नशिप बिनपगारी होती, ती यात धरू नका. कुणी ‘पगार दाखवून पत्र आणतो’ म्हणालं तर तेही नको.)

आता त्या नोकरीपत्राबद्दल. एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरच्या ऑनलाइन निवडपद्धतीत, निवड ज्या सीआरएस गुणांवर, म्हणजे उमेदवारांची क्रमवारी लावणाऱ्या गुणांवर होते, त्यात नोकरीपत्राला पूर्वी ५० किंवा २०० गुण होते. अशी पत्रं विकण्याचा बाजार इतका माजला की कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढूनच टाकले. ६७ च्या तक्त्यात त्याचे १० गुण अजून आहेत, पण खऱ्या नोकरीचे. पत्र बनावट निघालं तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं अर्जच करता येत नाही. तुम्ही २५ च्या आहात. ही बंदी ऐन उमेदीची वर्षं खाऊन टाकेल, आणि शिक्का बसेल तो तुमच्या नावावर, एजंटच्या नाही. आणखी एक तपासा. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’ नावाच्या नियामक संस्थेकडे नोंद असलेल्यांनाच आहे. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा आणि तो माणूस काय उत्तर देतो ते ऐका.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की चार महिने थांबले की झालं. तसं नाही, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण अर्धवट सांगून तुम्हाला आशेला लावणं जास्त वाईट. ६७ म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. बोलावणं येतं ते १२०० पैकी मोजल्या जाणाऱ्या सीआरएसवर. तुमचा हिशेब मी मांडला : वयाचे ११०, पदवीचे १२०, इंग्रजीचे १२४, पदवी आणि इंग्रजी यांच्या जोडीचे २५, परदेशातला म्हणजे इथला अनुभव आणि इंग्रजी यांच्या जोडीचे २५. एकूण ४०४. २०२४ आणि २०२५ मध्ये बोलावण्याच्या सर्वसाधारण फेऱ्या आणि कॅनडात काम केलेल्यांच्या फेऱ्या ५०० च्या वरच थांबल्या. ४०४ वर आज बोलावणं येणार नाही, सहा लाख देऊनही नाही. त्या पत्राचा या ४०४ मध्ये एकही गुण वाढत नाही, हे एजंटला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मग ४०४ चे जास्त कसे होतील? इथे पैशाचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. कोणत्या रुपयाला किती गुण येतात ते पाहा.

सगळ्यात स्वस्त गुण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे. सीएलबी ९ साठी ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं तिन्हींत ७ लागतात. समजा लेखनात ६.५ आले. वाटतं, अर्ध्या बँडने काय होतंय? त्या एका भागाचे ८ गुण जातात आणि दोन्ही जोड्यांचे पंचवीसचे तेरा होतात. ४०४ चे ३७२. परीक्षेची फी अठरा हजारांच्या आसपास आहे. तेवढ्यात ३२ गुण वाचणार असतील तर दोनदा परीक्षा द्यावी लागली तरी ती चैन नाही. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून घाईने उद्याच देऊ नका. चार महिने तयारी करा आणि अनुभवाची दोन वर्षं भरतील त्या सुमारास बसा.

दुसरे गुण अनुभवाचे. एकूण तीन वर्षं झाली की जोडीचे २५ चे ५० होतात. त्याला अजून १६ महिने आहेत. वयाचे गुण तिशीपर्यंत कमी होत नाहीत, ते तिसाव्या वाढदिवसाला ११० वरून १०५ होतात. म्हणजे थांबण्याची किंमत तुमच्यासाठी पुढची चार-साडेचार वर्षं शून्य आहे. तुम्ही ३४ च्या असता तर मी हे उत्तर असं लिहिलंच नसतं.

तिसरे गुण फ्रेंचचे, आणि माझा खरा भर यावर आहे. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं. आपल्याकडे हजारो मुलं ‘स्कोअरिंग’ म्हणून फ्रेंच घेतात आणि निकालाच्या दिवशी सोडून देतात. कॅनडाने २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. मार्च २०२५ मध्ये अशी एक फेरी ३७९ पर्यंत खाली आली होती. सगळ्याच इतक्या खाली येत नाहीत, काही बरीच वर थांबतात. पण फ्रेंच चारही भागांत एनसीएलसी ७ ला (फ्रेंच मोजायची तशीच पट्टी) पोचलं की तुमच्या गुणांत ५० अधिक दुसऱ्या भाषेचे किमान १२ पडतात. ४०४ चे ४६६, आणि तीन वर्षांच्या अनुभवासह ४९१. हे सोपं नाही. एनसीएलसी ७ म्हणजे ढोबळ मानाने युरोपीय पट्टीवरची बी-२ पातळी, आणि रोज दोन तास दिले तर दीड-दोन वर्षं धरा. पुण्यात आलियाँस फ्राँसेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, नोकरी करणाऱ्यांना जमतील अशा वेळांची चौकशी करा. तिथली एखाद्या वर्गाची फी त्या ७५,००० च्या टोकनशी ताडून पाहा.

मावसभावाचं म्हणाल तर नियमाला मावसभाऊ चालत नाही, मावशी चालते. मावशी तिथे राहत असेल आणि पीआर किंवा नागरिक असेल तर ६७ च्या तक्त्यात ५ गुण मिळतात, मग आजच तुमचे ७१ होतात. सीआरएसमध्ये त्याचा उपयोग नाही. पण पहिले दोन-तीन महिने भाडं वाचणार असेल तर मावसभावाची खोली गुणांपेक्षा मोलाची आहे. त्याच्याशी संबंध जपा.

कॉलेजच्या वाटेबद्दल. २२ लाख हा आकडा मुळात अपुरा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क आणि प्रवास सोडून नुसत्या राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. डॉलर ६३ रुपये धरला तर साडेचौदा लाखांच्या घरात. वर्षाची फी वेगळी. ११ टक्क्यांनी २२ लाखांचं कर्ज दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता ३०,००० च्या वर, म्हणजे तुमच्या आजच्या पगारातून जेमतेम आठ हजार उरतात. आणि परत यावं लागलं तर पगार आजच्यासारखाच इथला असेल, बँकेकडे बाबांचं राहतं घर.

त्याहून मोठी अडचण वेळेची. एक वर्षाच्या कोर्सनंतर कामाचा परवाना साधारण एकाच वर्षाचा मिळतो, आणि कॅनडातल्या अनुभवावर पीआर मागायची तर कुशल कामाचं एक वर्ष पूर्ण हवं. शिकत असताना केलेलं काम त्यात धरत नाहीत. म्हणजे परवाना हातात पडल्याच्या दिवशी तुमच्या क्षेत्रातली नोकरी लागली पाहिजे आणि वर्षभर एक दिवसही सुटता कामा नये. १३ महिन्यांच्या अनुभवावर हे होईल यावर मी तुमचं घर लावणार नाही. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पदवी नसलेल्या कोर्सना ठरावीक विषयांतच कामाचा परवाना मिळतो, आणि सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम भाड्याने चालवणाऱ्या खाजगी संस्थांत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना तो मिळतच नाही. पुढे कधी चांगल्या विद्यापीठात मास्टर्सची संधी आली तर तो वेगळा विषय आहे, तेव्हा पुन्हा लिहा.

आता बाबांचे १२ लाख. ८.२ टक्क्यांनी त्यांना दर तिमाहीला २४,६०० मिळतात. एसटीच्या कर्मचाऱ्याला सरकारी पेन्शन नसते, ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेतून येतं ते किती असतं हे तुमच्या घरी मी सांगायला नको. त्या घराचा किराणा, वीजबिल आणि भावाची फी या २४,६०० वर चालते. खातं एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे १८,००० कापले जातात, आणि सहाच लाख हवेत म्हणून खात्यातून अर्धी रक्कम काढता येत नाही. माझ्याकडे आलेल्या एका घरात वडिलांनी असंच खातं मोडून मुलाला पैसे दिले होते. मुलगा गेला नाही, पैसेही आले नाहीत, आणि ते गृहस्थ ६४ व्या वर्षी सोसायटीत वॉचमनची रात्रपाळी करत होते. तो मुलगा माझ्यासमोर बसून रडला. मला ते विसरता येत नाही.

पैसे लागणार आहेतच, पण तुमचे आणि टप्प्याटप्प्याने. बोलावणं आल्यावर एकट्या व्यक्तीला १५,२६३ डॉलर स्वतःच्या खात्यात दाखवावे लागतात (जुलै २०२५ चा आकडा, दरवर्षी वाढतो). साधारण ९ लाख ६० हजार. कर्जाऊ पैसे चालत नाहीत, घराची किंमत चालत नाही, आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते. म्हणून आदल्या आठवड्यात गोळा केलेली रक्कम उपयोगाची नाही. आजपासून १५,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. तुम्ही १२,००० वाचवता असं लिहिलंय, तीन हजार आणखी काढावे लागतील. दुसऱ्या वर्षापासून पगारवाढीतून ती २०,००० करा. आजचे १ लाख ९० हजार मुदत ठेवीत टाका. सात टक्के व्याज धरलं तर तीन वर्षांनी सगळं मिळून साडेनऊ लाखांच्या आसपास जमतं. हे पैसे इक्विटी फंडात घालू नका. तीन वर्षांनी नेमक्या कोणत्या महिन्यात बोलावणं येईल ते बाजार विचारणार नाही. अर्जाचं शुल्क दीड हजार डॉलरच्या पुढे, मेडिकल वेगळं, तो लाख-सव्वा लाख याच्या वरचा. त्या वेळी बाबांनी व्याजातून थोडं दिलं तर घ्या. वडिलांनी मुलीला दिलेल्या भेटीवर कर नाही, फक्त बँकेतूनच घ्या आणि साधं भेटपत्र करून ठेवा.

आणि या आठवड्यात करायचं एक काम, ज्याला पैसे लागत नाहीत. तुमचे जे सात महिने आता एवढे महत्त्वाचे ठरलेत, त्यांचा पुरावा त्या छोट्या कंपनीकडे आहे. लेटरहेडवर पद, नेमकं काय काम केलं, आठवड्याचे तास, पगार आणि दोन्ही तारखा लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र मागा. नुसतं रिलीव्हिंग लेटर पुरत नाही. छोट्या कंपन्या बंद पडतात, एचआर बदलतात, सही करणारा माणूस सापडत नाही. शक्य असेल तर शनिवारी स्वतः जा, आणि सोबत पगाराच्या सात पावत्या न्या.