बर्गनच्या धक्क्यावरून निघताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

डिसेंबरच्या सुट्टीत स्वीडनमधल्या उप्सालाहून ऑस्लो, ऑस्लोहून बर्गन आणि तिथून बोटीने नॉर्वेचा किनारा धरून उत्तरेला, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. केबिन कुठली घ्यावी, नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेच्या रात्रीच्या आकाशातला तो हलता प्रकाश, नक्की दिसतील का, आणि एवढा पैसा घालण्याजोगं त्यात काही आहे का, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस. तिन्हींची उत्तरं देतो. पण आधी एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ही बोट क्रूझ आहे असं समजून चढू नकोस.

भाऊच्या धक्क्यावरून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाणाऱ्या आगबोटींबद्दल तू आजीकडून ऐकलं असशील. ही तशीच आगबोट आहे. बर्गन ते रशियाच्या सीमेजवळचं किर्केनेस, दोन्ही टोकं धरून एकूण ३४ बंदरं. बोटीत पर्यटक असतात, तसंच शेजारच्या बंदराला निघालेलं माणूस असतं, गाड्या असतात, खाली मालाच्या पेट्या असतात. जाऊन येऊन फेरी पुरी व्हायला ११ दिवस लागतात, म्हणून ११ बोटी या मार्गावर फिरत्या ठेवल्या आहेत. त्यातल्या सात हुर्टिग्रुटन या कंपनीच्या आणि २०२१ पासून चार हाविला या कंपनीच्या. त्यामुळे वर्षाच्या बाराही महिने रोज एक बोट बर्गनहून सुटते. तिकीट काढताना कंपनीचं नाव आणि बोटीचं नाव दोन्ही वाच. सगळ्या बोटी सारख्या नाहीत.

मी आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होतो, म्हणून या मार्गाची सुरुवात कशी झाली ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९० च्या सुमाराला ट्रॉनहाइमहून हॅमरफेस्टला पाठवलेलं पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांत पोचायचं, आणि हिवाळ्यात त्याला पाच महिनेही लागायचे. सरकारला वर्षभर चालणारी टपालबोट हवी होती. ट्रॉनहाइमच्या उत्तरेला तेव्हा अवघे २८ दीपस्तंभ होते, नकाशे अपुरे होते, आणि हिवाळ्यात दिवसाचे वीस-वीस तास अंधार. कंपन्यांनी नकार दिला. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने होकार दिला. तो आणि त्याचा वाटाड्या आंदेर्श होल्टे वर्षानुवर्षं आपल्या फेऱ्यांची टिपणं ठेवत आले होते: कुठल्या टोकापासून कुठली दिशा धरायची, किती वेगाने, किती मिनिटं, आणि मग कुठे वळायचं. होकायंत्र, घड्याळ आणि ही वही, एवढ्या बळावर २ जुलै १८९३ ला ‘व्हेस्टरॉलेन’ ही आगबोट ट्रॉनहाइमहून निघाली. जुलैत तिथे रात्र होतच नाही, तेव्हा पहिली फेरी सोपी होती. खरी परीक्षा त्याच हिवाळ्यात झाली आणि बोट चालू राहिली. खडकांनी भरलेल्या अरुंद वाटेतून नुसत्या दिशा-वेळेच्या हिशोबावर अंधारात बोट नेणं म्हणजे काय, हे ज्याने रात्रपाळीला ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, उभं राहून पाहिलंय त्यालाच कळेल. तू रात्री डेकवर उभी असशील आणि लांबवर लाल-हिरवे-पांढरे दिवे लुकलुकताना दिसतील, तेव्हा यातलं जवळजवळ काहीच नव्हतं अशा रात्रींची आठवण ठेव.

आता व्यवहाराचं. बोट सुटायच्या दिवशीच बर्गनला पोचायचं, असा तुझा बेत दिसतो. तो बदल. ऑस्लो-बर्गन रेल्वे हार्डांगरविद्दाच्या पठारावरून जाते, फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर आहे, आणि हिमवादळात ती वाट बंद पडते. बोट तुझ्यासाठी थांबणार नाही. एक रात्र आधी पोच. ऑस्लोहून सकाळची गाडी धर. सात तासांच्या आसपासचा प्रवास आहे आणि डिसेंबरात उजेड थोडाच असतो, तो पठारावर मिळाला पाहिजे. २४ डिसेंबरला दुपारनंतर दुकानं बंद होतात, हेही हिशोबात धर.

बोट रात्री साडेआठच्या सुमाराला सुटते, पण तू संध्याकाळीच टर्मिनलवर जा. सामान देऊन टाक आणि कार्ड घे. ते कार्ड म्हणजे तुझी केबिनची किल्ली आणि तुझी हजेरीही. प्रत्येक बंदरात उतरताना-चढताना ते दाखवायचं, त्यावरून कोण बोटीवर आहे आणि कोण नाही हे कळतं. सुरक्षेची माहिती देतात ती कान देऊन ऐक. नंतर केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंतचा रस्ता स्वतःच्या पायांनी एकदा चालून बघ. किती दारं, किती जिने, हाताला कठडा कुठे लागतो, ते मोज. हे मी नवख्या प्रत्येक खलाशाकडून करून घ्यायचो, तुझ्याकडूनही करून घेतोय.

केबिन खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची घे. खिडकी नसली तरी चालेल. तू जागेपणी तिथे बसणारच नाहीस, आणि बसू नकोस. टोकाच्या, वरच्या केबिनींना झोका जास्त बसतो. बहुतेक वाट बेटांच्या आडून जाते म्हणून पाणी शांत असतं, पण काही पट्टे उघड्या समुद्राचे आहेत: पहिल्या रात्रीनंतर लागणारं स्टाड, मग हुस्टाडविका, बूडो सोडल्यावर लोफोटेन बेटांकडे जाताना वेस्टफ्योर्ड, आणि नॉर्थ केपच्या पुढचा बराचसा भाग. ‘मला कधी बोट लागत नाही’ असं म्हणू नकोस, हिवाळ्यातला स्टाड जुन्या खलाशांनाही आडवं करतो. डॉक्टरांना विचारून गोळी आणून ठेव आणि पोटात ढवळायच्या आधी घे, नंतर तिचा उपयोग होत नाही. उपाशी राहू नकोस, आणि मोबाइलकडे बघत बसू नकोस.

कपड्यांबद्दल तुझं उप्सालाचं शिक्षण बऱ्यापैकी झालं असेल. तरी डेकवरची थंडी वेगळी. बोट साधारण १५ नॉटने चालते, म्हणजे ताशी २८ किलोमीटर. हवा अगदी स्तब्ध असली तरी तेवढा वारा तुझ्या तोंडावर असतोच. उणे पाच तापमान अंगाला उणे तेरासारखं लागतं. अंगालगत लोकर, सुती काही नको, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे, तिकडे त्यांना ब्रोडेर म्हणतात, बर्गनलाच घे. धक्क्यांवर पातळ, काचेसारखा बर्फ असतो. मोबाइल आतल्या खिशात अंगाजवळ ठेव, थंडीत बॅटरी बसते. शाकाहारी आहेस हे तिकीट काढतानाच कळवून टाक.

नॉर्दर्न लाइट्सचं खरं उत्तर हे की कोणी खात्री देत असेल तर विश्वास ठेवू नकोस. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि वरच्या हवेवर आदळतात, हे क्रिस्तियान बिर्केलान या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवायचा प्रयत्न केला. त्यासाठी त्याने हवा काढून घेतलेल्या काचपेटीत चुंबकाचा छोटा गोल ठेवून त्याच्याभोवती प्रकाश उमटवला. १८९९ मध्ये आल्टाजवळ हाल्डे पर्वतावर वेधशाळा उभारून माणसं हिवाळाभर तिथे राहिली, ती याच प्रकाशासाठी. कण येतात, पण मध्ये ढग असतात, आणि हा किनारा ढगांचा आहे. बूडोच्या पुढे तुझी शक्यता चांगली आहे, एवढंच म्हणेन. बोटीवर रात्री घोषणा करतात, तेव्हा लगेच बाहेर पडता येईल असे कपडे उशाशी काढून ठेव. दिव्यांपासून दूर, वारा नसलेल्या बाजूला उभी राहा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे, पंधरा-वीस मिनिटं तरी. सुरुवातीला तो प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखा दिसतो, कॅमेऱ्यात हिरवा येतो. तेवढ्याने निराश होऊन आत जाऊ नकोस. जोर धरला की तो साध्या डोळ्यांनाही हिरवा दिसतो आणि पडदा हलवावा तसा सरकतो.

आणि प्रकाश नाही दिसला तर? तर उत्तरेकडच्या ट्रॉम्सो शहराला पोचायच्या दिवशी दुपारी बाराला डेकवर ये. तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. लोकांना वाटतं म्हणजे काळाकुट्ट अंधार. तसं नसतं. सूर्य क्षितिजाच्या थोडाच खाली असतो, आणि दोन-तीन तास दक्षिणेला गुलाबी पट्टा आणि बाकी सगळं निळं, बर्फही निळा, पाणीही निळं. बोट तिथे दुपारी सव्वादोनच्या आसपास पोचते, म्हणजे उजेडाची ती वेळ धक्क्यावर नाही, खाडीतून येतानाच मिळते. त्या वेळी जेवणाच्या खोलीत बसलेली सापडू नकोस.

यापलीकडे मला सगळ्यात जास्त काय सांगायचं असेल तर लहान बंदरं बघ. एखाद्या रात्री बोटीचा वेग उतरल्याचं अंगाला कळेल. उठ, डेकवर जा, आणि धक्क्याच्या बाजूला कठड्याशी उभी राहा. बोटीच्या पोटातून थरथर येईल, ते पुढचे आडवे पंखे. त्यांच्यामुळे बोट टगशिवाय, म्हणजे ओढणाऱ्या छोट्या बोटीशिवाय, धक्क्याला लागते. टोकाला वजनदार गाठ असलेली बारीक दोरी खलाशी फेकतो. धक्क्यावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला एकटाच माणूस ती झेलतो आणि तिच्यामागून जाड दोरखंड ओढून खुंट्याला अडकवतो. बोटीच्या कुशीतलं दार उघडतं आणि फोर्कलिफ्ट बाहेर येते: पेट्या, फळांचे खोके, कुणाचं तरी वॉशिंग मशीन. चार माणसं उतरतात, दोन चढतात. पंधरा मिनिटांत दोर सुटतात. मागे राहिलेला तो माणूस हात वर करतो आणि गाडीत बसून निघून जातो. मी निवृत्तीनंतर प्रवासी म्हणून गेलो तेव्हा असं बंदर चुकवलं नाही, झोप दुपारी काढली.

म्हणून माझा सल्ला असा: ट्रॉम्सोला उतरू नकोस, किर्केनेसपर्यंत जा. पैसे कमी पडत असतील तर बंदरावरच्या महागड्या सहली सोड, बोट सोडू नकोस. बहुतेकजण लोफोटेनसाठी येतात आणि ते सुंदर आहेच, पण तुझी बोट तिथे डिसेंबरच्या काळोखात पोचणार. फिनमार्क या अगदी उत्तरेच्या प्रांतातला शेवटचा पल्ला, ह्योल्लेफ्योर्ड, मेहामन, बेर्लेवोग, बोट्सफ्योर्ड, तिथेच तुला कळेल ही बोट कशासाठी आहे. बेर्लेवोगचं बंदर उघड्या समुद्रावर आहे. पूर्वी तिथे मोठी बोट धक्क्याला लागू शकत नव्हती, माणसं आणि माल छोट्या होडीत उतरवावा लागे. मग टेट्रापॉडचे बांध घातले. तेच काँक्रीटचे चौपायी ठोकळे, ज्यांच्यावर मरीन ड्राइव्हला बसून तू दाणे खाल्ले आहेस. आजही वादळ मोठं असलं तर कप्तान एखादं बंदर टाळून पुढे जातो. तेव्हा बोटीवर कुणी पर्यटक तक्रार करताना दिसला तर त्याच्यात सामील होऊ नकोस. त्या बंदरात उतरायचं होतं त्या माणसाची त्या रात्री खरी अडचण झालेली असते.

त्याच माणसांबद्दल आणखी एक. खिडकीजवळच्या खुर्चीत कुणी पाय वर घेऊन झोपलेलं दिसेल, कुणी विणत बसलेलं असेल. ती त्यांची नेहमीची वाट आहे. न विचारता त्यांचे फोटो काढू नकोस. गप्पा माराव्याशा वाटल्या तर कॉफी घेऊन शेजारी बस आणि हवामानापासून सुरुवात कर. तुझी स्वीडिश त्यांना समजते.

समोरून दक्षिणेला जाणारी बोट भेटेल तेव्हा दोघींचे भोंगे वाजतात. त्याला घाबरून उठू नकोस, पण उठलीस तर बाहेर ये.

किर्केनेसला बोट सकाळी नऊच्या सुमाराला लागते. विमान दुपारचं घे, सकाळचं नको. उत्तरेकडच्या पल्ल्यात उशीर होऊ शकतो. विमानाचं भाडं झेपलं नाहीच, तर नाइलाजाने ट्रॉम्सोला उतर, बसने चार-एक तासांत नार्विक गाठ आणि किरुनावरून स्टॉकहोमची रात्रगाडी धर. ती गाडी लोहखनिजाच्या रुळांवरून जाते, आणि खनिजाची गाडी घसरली की लाइन दिवसेंदिवस बंद राहते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी कर.

केबिनचा नंबर आला की बोटीच्या नावासकट कळव. मी मजल्यांचा आराखडा बघून सांगतो, ती इंजिनाच्या डोक्यावर आहे की नाही ते.

तुझा,
काका