बॅकअप बडोद्याबाहेर ठेवताना

ऑफिस सयाजीगंजात आणि बॅकअपची डिस्क मांजलपूरला घरी, म्हणजे दोन्ही प्रती विश्वामित्री नदीच्याच भरवशावर. ऑगस्ट 2024 चा पूर आठवा. एक प्रत शहराबाहेरच हवी. त्यातही सुरत नको, तापीच्या पुराने 2006 मध्ये काय केलं ते माहीत आहेच. इंदूरची शाखा किंवा क्लाउडचं मुंबई रीजन (म्हणजे कंपनीची मुंबईतली डेटा सेंटर्स) चालेल.

आधी हिशेब मांडा. डेटा 500 जीबी, अपलोड 20 एमबीपीएस, तर पहिली प्रत चढायलाच 56 तास, प्रत्यक्षात जास्तच. म्हणून ती शुक्रवारी रात्री लावा. पुढे रोज रात्री फक्त बदललेलं जाईल. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सगळ्या मशिनवर बंद करूनच कॉपी घ्या. चालू कंपनीचा फोल्डर अर्धवट उचलला जाऊ शकतो, आणि ते नेमकं रिस्टोअरच्या, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्याच्या दिवशी कळतं.

नुसतं सिंक (इथला प्रत्येक बदल तिथे तसाच उतरवणं) म्हणजे बॅकअप नव्हे: रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली लॉक करणाऱ्या व्हायरसने, लॉक केलेली फाइलही इमानदारीत वर जाते. मागच्या 30 दिवसांच्या जुन्या आवृत्त्या ठेवा. एन्क्रिप्शनचा (बॅकअप कुलूपबंद करण्याचा) पासवर्ड त्याच सर्व्हरवर लिहून ठेवणारे महाभाग असतात. तुम्ही तो कागदावर, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

दर तिमाहीला वेगळ्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स जुळवा. किती तास लागले तेही टिपून ठेवा, मालक पहिला प्रश्न तोच विचारतात.