महिन्याला ४०-५० पानं छापायची, तर घरी कोणता प्रिंटर परवडेल?

तुम्ही लिहिलंय की बहुतेक पानं काळी-पांढरी, आणि मुलांच्या प्रोजेक्टसाठी अधूनमधून रंगीत. मग एक नक्की करा: चार-पाच हजारांत मिळतो तो कार्ट्रिजवाला प्रिंटर घेऊ नका. त्याच्या छोट्या काळ्या कार्ट्रिजमध्ये शंभर-सव्वाशे पानं निघतात आणि नवीन कार्ट्रिज हजाराच्या आसपास पडतं. म्हणजे पानाला आठ-दहा रुपये. झेरॉक्सवाला याहून कमी घेतो.

मी घरी शिकवण्या घेते, सराव-प्रश्नपत्रिका सतत छापाव्या लागतात, म्हणून माझ्याकडे इंक टँक, म्हणजे टाकीत बाटलीने शाई भरायचा प्रिंटर आहे. एप्सनची ००३ नंबरची ६५ मिलीची काळी बाटली साधारण ४,५०० पानांची असते. बाटलीला ४०० रुपये धरले तरी पानाला ९ पैसे. ५०० कागदांची रीम ३०० ची धरली, तर कोरा कागदच ६० पैशांचा! म्हणून टँकवाल्याने शाईपेक्षा कागद वाचवावा. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्या. आणि हो, पहिल्या बाटलीतली बरीच शाई नळ्या भरण्यात जाते, तेव्हा ती लवकर संपली म्हणून घाबरू नका.

पण तुमच्या आकड्याला हा हिशेब लावून बघा. टँक प्रिंटर १२,००० चा, दुकानात पान ५ रुपये. ५० पानांचे महिन्याला २५० झाले, म्हणजे नुसती मशीनची किंमत फिटायला चार वर्षं. दुकान खाली कोपऱ्यावर असेल तर पैशांच्या दृष्टीने तेच बरं. रात्री दहाला मुलगी "उद्या प्रोजेक्ट द्यायचाय" म्हणते, त्या सोयीसाठी प्रिंटर हवा असेल तर जरूर घ्या, मलाही ती सोय मोलाची वाटते.

घ्यायचाच तर आधी घरात दर आठवड्याला काहीतरी छापलं जातं का ते बघा. जात असेल तर टँक. महिना-महिना बंद राहणार असेल तर शाई हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, सुकते, हेड क्लीनिंग करत बसावं लागतं, आणि त्यात वाया गेलेली शाई आतल्या पॅडमध्ये साचते. पॅड भरलं की प्रिंटर थांबतो. अशा घरात काळा-पांढरा लेझर घ्या आणि रंगीत पानं दुकानातून आणा. टोनर म्हणजे पावडर, ती सुकत नाही. फक्त लेझर घरच्या इन्व्हर्टरवर चालवू नका, तापताना तो एकदम खूप वीज ओढतो.

टँक घेतलात तर तो आधी त्याच्याच बटणाने बंद करा आणि मगच भिंतीवरचा स्विच. बटण दाबल्यावर हेड जागेवर जाऊन झाकलं जातं; थेट स्विच बंद केला तर ते उघडं राहू शकतं आणि शाई लवकर सुकते. पावसाळ्यात उघडलेली रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, दमट कागद आत अडकतो.