मिठाच्या सान्निध्यात टोमोग्राफी

प्रश्न : भूकंपीय परावर्तन टोमोग्राफीने भूगर्भातील लहरींच्या वेगाचे प्रारूप सुधारता येते, असे वाचले. मग मिठाच्या घुमटाजवळ (गाळाच्या थरांत खालून वर घुसलेल्या मिठाच्या प्रचंड राशीजवळ), आणि विशेषतः मिठाखाली, ही पद्धत अपुरी का पडते?

उत्तर : नोंदवलेली परावर्तने वेगाच्या प्रारूपानुसार भूगर्भातील त्यांच्या खोलीवर नेऊन बसवल्यावर (याला डेप्थ मायग्रेशन म्हणतात) एकाच भूगर्भीय बिंदूची प्रतिमा, लहरी सोडणारा स्रोत व परतलेल्या लहरी टिपणारा ग्राहक (संवेदक) यांच्यातील जवळच्या आणि लांबच्या अंतरांवरून वेगवेगळी काढून शेजारी-शेजारी मांडतात. वेग बरोबर असेल तर परावर्तनाची रेषा आडवी राहते, कमी धरलेला असेल तर लांबच्या अंतराकडे वर वळते आणि जास्त धरलेला असेल तर खाली झुकते. टोमोग्राफी हा बाक मोजते, परावर्तकापासून वर किरण आखते आणि वेळेतील तफावत किरणाच्या वाटेवरील खडकांत वाटून देते.

गाळाच्या खडकांत वेग सहसा हळूहळू बदलतो, म्हणून ही वाटणी तिथे पटते. मिठात मात्र तो सेकंदाला सुमारे ४५०० मीटर असतो, लगतच्या गाळात बहुधा बराच कमी, आणि बदल एका सीमेवर एकदम होतो. गणित स्थिर राहावे म्हणून टोमोग्राफीला उत्तर गुळगुळीत ठेवावे लागते. तिच्याकडून मिठाची सीमा काढून घेण्याचा हट्ट धरू नये. त्यामुळे आधी मिठाभोवतीचा गाळ दुरुस्त करतात, सर्वत्र गाळाचाच वेग भरून मिठाचा माथा आखतात, माथ्याखाली मिठाचा वेग भरून तळ आखतात आणि मगच मिठाखालच्या वेगाला हात घालतात.

आखणी चुकली तर काय होते, ते पाहा. सेकंदाला २५०० मीटर वेगाच्या गाळाचा १०० मीटरचा पट्टा चुकून मीठ धरला, तर उभ्या लहरीचा जाण्यायेण्याचा हिशेबातला वेळ सुमारे ३६ मिलिसेकंदांनी घटतो. खाली वेग ३००० असेल, तर तिथला परावर्तक पन्नासेक मीटर खोल दिसतो. सीमा पक्की मानलेली असल्याने टोमोग्राफी या चुकीचे खापर निमूटपणे खालच्या निर्दोष गाळावर फोडू शकते.

शिवाय मिठातून वाकून जाणारे किरण खाली अरुंद कोनांतच पोहोचतात, त्यामुळे वेग चुकला तरी बाक जेमतेम दिसतो, आणि त्यातच वारंवार परावर्तित झालेल्या लहरी खऱ्या परावर्तनाचे सोंग घेतात. त्यांचा बाक मोजला गेला तर प्रारूप बिघडतेच. म्हणून मेक्सिकोच्या आखातासारख्या ठिकाणी अनेक दिशांनी नोंदी घेतात, समुद्रतळावर ग्राहक ठेवतात आणि मिठाची सीमाही सुधारू शकणारे पूर्ण-तरंग व्युत्क्रमण (हिशेबातला तरंग नोंदलेल्या संपूर्ण तरंगाशी जुळेपर्यंत प्रारूप बदलत नेण्याची पद्धत) वापरतात. अर्थात त्यालाही आरंभीचे बऱ्यापैकी प्रारूप आणि नोंदींत पुरेशा कमी वारंवारता लागतातच.