पावसात ग्रुप राइड अर्ध्यावर का मोडते? पुढच्या वेळी काय करावं?

तुमचा प्रश्न असा: ३०० किमीच्या बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची) तयारी म्हणून बारा जण पुण्याच्या चांदणी चौकातून ताम्हिणी घाटाकडे सायकलने निघालात. मुळशीच्या पुढे जोराच्या पावसाने गाठलं, एकाच मागच्या चाकाचं दोनदा पंक्चर झालं, एकाची चेन तुटली, आणि सगळेच परत फिरलात. चुकलं कुठे?

माझ्या मते राइड पावसाने मोडत नाही, पावसात उभं राहिल्याने मोडते. पॅडल मारताना अंग गरम असतं. भिजल्या कपड्यांनी वाऱ्यात दहा-पंधरा मिनिटं थांबलं की अंगाने बारीक असलेले कुडकुडायला लागतात, बोटं आखडतात आणि उतारावर ब्रेक धड दाबता येत नाही. म्हणून सगळी तयारी थांबण्याचा वेळ कमी करण्यासाठी करायची.

दोनदा पंक्चर झालं त्याचं कारण बहुतेक टायरमध्येच राहून गेलं असणार. पावसाने रस्त्यावरची काच आणि ट्रकच्या फाटक्या टायरमधल्या बारीक तारा वाहून कडेला येतात, ओल्या टायरला चिकटतात आणि पाण्यामुळे रबरात सहज शिरतात. ही तार केसाएवढी असते, वरून दिसत नाही. यासाठी एक सवय लावून घ्या: टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवा. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजायचं. तार त्याच जागी सापडते. आतून बोट फिरवू नका, कापेल. फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे टायर उलटा वाकवून तार चिमट्याने उपसा. भोकाची जागाही बरंच सांगते. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे. तिथे किती ट्यूब बदलल्या तरी उपयोग नाही.

पावसात पॅच लावत बसू नका. ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात, कारण पिरंगुट-पौडच्या पंक्चरवाल्याकडे प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हची ७०० मापाच्या चाकाची ट्यूब मिळेल या भरवशावर निघता येत नाही. एक कोरडं फडकं झिपच्या पिशवीत ठेवा. टायरच्या आत राहिलेली वाळू नवी ट्यूब घासून फोडते. ट्यूब घालण्याआधी ती गोल होईल एवढीच हवा भरा. टायरची कड बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करा, मग व्हॉल्व्ह आत ढकलून ट्यूब कडेखाली चिमटली नाही ना ते दोन्ही बाजूंनी बघा. गॅसच्या छोट्या कार्ट्रिजने भरलेली हवा रबरातून लवकर झिरपते, त्यामुळे घरी आल्यावर ती सोडून पंपाने पुन्हा भरा. एरवी २८ मिमी टायरमध्ये ८० पीएसआय ठेवत असाल तर पावसात ७२ ते ७५ पुरे. पकड चांगली मिळते.

चेनसाठी ग्रुपमध्ये निदान दोघांकडे चेन टूल, म्हणजे चेनची पिन काढायचं अवजार, हवं. क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) मात्र ज्याच्या त्याच्या चेनच्या स्पीडची, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संख्येची, लागते. ११ ची लिंक ९ ला चालत नाही. तुटकी कडी काढल्याने चेन आखूड झाली असेल तर पुढचा मोठा आणि मागचा मोठा गिअर एकत्र घ्यायचा नाही, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) मोडेल. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलाय का ते मागून बघा. वाकला असेल तर मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चेन चढवू नका, डिरेलर स्पोकमध्ये जाईल.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. एक पंक्चर झालं म्हणून बारा जणांनी धुक्यात वळणावर उभं राहणं धोक्याचं आहे. ज्याचं पंक्चर झालं तो, एक मदतनीस आणि सगळ्यांत मागे राहणारा अनुभवी गडी, एवढे तिघे थांबा. बाकीच्यांनी आधी ठरवलेल्या आडोशापर्यंत जावं. हे आडोसे आणि परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. हवामान खात्याचा इशारा पाहताना फक्त पुणे शहराचा बघू नका, घाटमाथ्याचा वेगळा असतो. शहरात भुरभुर असताना ताम्हिणीत समोरचं दिसत नाही, हे नेहमीचं आहे. घाटमाथ्याला ऑरेंज इशारा असेल तर त्या दिवशी पूर्वेला, सासवडकडे जा. विजांच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप ठेवा. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण १० किमीच्या आत आहे. पक्क्या इमारतीत शिरा, झाडाखाली नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

चालवताना पुढच्या सायकलच्या चाकाशी निदान एका सायकलचं अंतर ठेवा आणि थोडं बाजूला राहा. रिम ब्रेक (चाकाच्या रिमवर दाबणारा) असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी हलके टेकवा, कारण पहिले एक-दोन फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. ओले पांढरे पट्टे, पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी आणि डिझेलचा रंगीत तवंग यांवर ब्रेकही नको, वळणही नको.

बीआरएममध्ये कंट्रोल (ठरलेले तपासणीचे थांबे) सोडून वाटेत बाहेरची मदत घेता येत नाही आणि ३०० ला २० तास मिळतात. म्हणून पुढच्या राइडआधी एका रविवारी सगळ्यांना सोसायटीच्या नळाखाली ओल्या चाकाची ट्यूब बदलायला लावा. ज्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त लागतात त्यांच्याकडून पुन्हा करून घ्या.